पोच

विभागातले जुने लाकडी कपाट दुसऱ्या खोलीत हलवायचे होते. त्यासाठी पुस्तके खाली काढत असताना एका पातळशा कवितासंग्रहातून एक चिठ्ठी जमिनीवर पडली. कागद शाळेच्या दुरेघी वहीचा, पट्टी धरून सरळ फाडलेला. निळ्या शाईतले वळणदार अक्षर आणि डावीकडे नेमाने सोडलेला समास. मजकूर एवढाच होता :

'मा. प्राध्यापक महोदय यांस, स.न.वि.वि. आपल्या भेटीस आलो होतो. आपण मीटिंगमध्ये आहात असे समजले. चारच्या गाडीने परतणे भाग आहे. सोबत माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती ठेवीत आहे; एक आपणांस, एक जळगावच्या मॅडमना. सवडीने वाचावे. पोच द्यावी. लोभ असावा ही विनंती.'

खाली नाव, गाव, तालुका साक्री आणि तारीख. तारीख २०१८ सालच्या ऑगस्टमधली होती. चिठ्ठी जमिनीवर पडली तेव्हा २०२४ चा जून चालू होता.

हे टिपण आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे, कारण त्यातला अपराध दोघांचा आहे. आमच्यापैकी एक जण धुळ्याला शिकवतो, दुसरी जळगावला. एम.ए.ला आम्ही एकाच वर्गात होतो. दोन्ही गावांमध्ये पारोळा-एरंडोलमार्गे नव्वदएक किलोमीटरचे अंतर आहे. पेपरतपासणी, चर्चासत्रे, तोंडी परीक्षा यांच्या निमित्ताने भेटी होत राहतात. चिठ्ठी धुळ्याच्या नावे होती आणि 'जळगावच्या मॅडम' म्हणजे आमच्यातली दुसरी. लिहिणारे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावात आणि पंचक्रोशीत सारे त्यांना गुरुजी म्हणत. आम्हीही इथे तेच म्हणू. ते अहिराणीत कविता लिहीत. एका व्याख्यानात आम्ही दोघे अहिराणीच्या शब्दसंपत्तीविषयी बोललो होतो, ते त्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकले होते. पुढे पेन्शनीतून पैसे बाजूला टाकून त्यांनी संग्रह छापला आणि एस.टी.ने धुळ्याला येऊन तो आमच्या दारात ठेवला.

त्या दिवशी मीटिंग खरोखरच चालू होती. विभागाचे शिपाई आप्पा यांनी गुरुजींना बसवून घेतले, चहा दिला, आणि वही मागितल्यावर टेबलावरची कोरी वहीही पुढे केली. गुरुजींनी मात्र पिशवीतून स्वतःचा कागद काढला. तासाभराने ते गेले. चिठ्ठी पुस्तकात गेली, एक प्रत कपाटात गेली, दुसरी महिन्याभराने जळगावला पोहोचली. पोच कोणी द्यायची, हे आमच्यात कधी ठरले नाही. धुळ्याला वाटले, मॅडम सविस्तर लिहितील. जळगावला वाटले, प्रत ज्यांच्या हाती दिली त्यांनी कळवलेच असेल. अशा रीतीने सहा वर्षे गेली. मध्यंतरी, २०२३ साली, गुरुजी वारले. बातमी एका व्हॉट्सॲप गटावर आली, आणि गटातल्या इतर साठ-सत्तर जणांप्रमाणे आम्हीही 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढे टंकून मोकळे झालो. हे आमचे त्यांना उद्देशून लिहिलेले पहिले शब्द. ते त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न उरला नव्हता.

'पोच' हा मराठीतला मोठा मजेदार शब्द आहे. वस्तू वा पत्र मिळाल्याची कबुली म्हणजे पोच; पोस्टातल्या पोचपावतीत तो याच अर्थाने येतो. पण 'त्याला पोच नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा कुठे काय बोलावे, कोणाशी कसे वागावे याची जाण नाही, असा अर्थ होतो. मिळाल्याचे सांगणे आणि वागण्याची जाण असणे या दोन गोष्टींना भाषेने एकच शब्द दिला, हे आम्हाला त्या जूनमध्ये पहिल्यांदा नीट लक्षात आले. वर्गात अर्थविस्तार शिकवताना हे उदाहरण आम्ही अनेकदा दिले असेल. त्यातला चटका तोपर्यंत आमच्या वाट्याला आलेला नव्हता.

ज्याला आपण आज व्हिजिटिंग कार्ड म्हणतो, त्याचा उगमही अशाच दारावरच्या प्रसंगात आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात भेटीला गेलेला माणूस यजमान घरी नसल्यास आपल्या नावाचे कार्ड नोकराकडे ठेवून जाई. स्वतः येऊन गेल्याची खूण म्हणून कार्डाचा कोपरा मुडपण्याची रीत होती. छापील नावाखाली शाईने दोन-तीन अक्षरे लिहिली जात : अभिनंदनासाठी एक आद्याक्षरांची जोडी, सांत्वनासाठी दुसरी, आणि गाव सोडून जाताना निरोपाची 'पी.पी.सी.' ही तिसरी. फ्रेंच शब्दांची ही आद्याक्षरे सुसंस्कृत समाजात सर्वांना ठाऊक असत. छापलेला भाग माणूस कोण आहे ते सांगे. हाताने लिहिलेला भाग तो कशासाठी आला होता ते सांगे. कार्ड मिळाल्यावर परतभेट देणे वा उलट कार्ड पाठवणे हे बंधन असे. थोडक्यात, पोच.

वाङ्मयाच्या इतिहासातले सर्वांत कुप्रसिद्ध कार्डही असेच, छापील नावावर हाताने लिहिलेले आहे. १८ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या आल्बेमार्ल क्लबात मार्क्विस ऑफ क्वीन्सबरीने ऑस्कर वाइल्डसाठी आपले कार्ड ठेवले. त्यावर त्याने एक घाणेरडा आरोप लिहिला होता, आणि तोही चुकीच्या वर्णलेखनासह. वाइल्डने बदनामीचा दावा लावला, तो त्याच्यावरच उलटला, आणि मे महिन्यात त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. या साऱ्या प्रकरणात एका माणसाकडे आपले फारसे लक्ष जात नाही, तो म्हणजे क्लबाचा द्वारपाल. त्याने कार्ड वाचले, मागे दिनांक आणि वेळ टिपली, आणि इतर कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते पाकिटात घालून ठेवले. दहा दिवसांनी वाइल्ड आला तेव्हा ते पाकीट त्याच्या हाती दिले. उमरावाला जी पोच नव्हती ती द्वारपालाला होती. हे वाचताना आम्हाला आप्पांची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही. दोन प्राध्यापकांच्या वाट्याचे सौजन्य त्या दिवशी त्यांनी एकट्याने पार पाडले होते.

आपल्याकडे छापील कार्डाचा रिवाज साहेबी कचेऱ्यांतून आणि व्यापारी पेढ्यांतून आला. जळगावच्या सराफ बाजारात किंवा दाणाबाजारात कार्ड केव्हाच रुळले. साहित्य-कलेच्या वर्तुळात मात्र हाताने लिहिलेली चिठ्ठीच दीर्घकाळ चालत राहिली. दाराला कुलूप असले तर कडीत खोचलेला 'येऊन गेलो' एवढाच कागद. प्राचार्यांच्या वा संपादकांच्या खोलीत शिपायाहाती आत पाठवलेले नाव. आणि सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या दोन ओळी. आमच्या पिढीने हे तिन्ही प्रकार पाहिले आहेत.

या चिठ्ठ्यांनाही युरोपीय कार्डांसारखी आद्याक्षरे होती. स.न.वि.वि., सा.न.वि.वि., कृ.सा.न.वि.वि., ता.क. : शाळेतल्या पत्रलेखनात ही रूपे आपण घोकली, आणि नंतर त्यांची थट्टाही केली. या आद्याक्षरांच्या मागे फार जुनी परंपरा आहे. ती पाहायची तर धुळ्याला दूर जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांच्या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा. जुन्या पत्रांत शिरलेल्या माणसाला मजकुराआधी मायना वाचावा लागतो. लिहिणारा वडीलधारा की धाकटा, चाकर की धनी, कोणत्या जातीचा, हे पहिल्या दोन ओळींतच ठरते. एकाने आशीर्वाद लिहायचा, दुसऱ्याने साष्टांग नमस्कार, तिसऱ्याने रामराम, चौथ्याने दंडवत. ज्याला जोहार घालावा लागे त्याला पत्र लिहिण्याची मुभाच कुठे होती? मायना ही नम्रतेची भाषा होती आणि उतरंडीचीही.

हे लक्षात घेतले की 'स.न.वि.वि.'ची थट्टा करवत नाही. सप्रेम नमस्कार विनंती विशेष : हा मायना कोणीही कोणालाही लिहू शकतो. त्यात जात नाही, हुद्दा नाही, आधीची ओळखही लागत नाही. उतरंडीच्या मायन्यांची जागा या सपाट, थोड्या रुक्ष मायन्याने घेतली, आणि अनोळखी माणसाला अनोळखी माणसाच्या दारात उभे राहण्याची वाट मिळाली, असे आम्हाला वाटते. गुरुजींच्या कविता अहिराणीत होत्या, पण चिठ्ठी त्यांनी प्रमाण मराठीत, पत्रलेखनाच्या पुस्तकातल्या मराठीत लिहिली. आधी आम्हाला त्यात बुजरेपणा दिसला. आता वाटते, त्यांनी दार ठोठावण्याची सर्वमान्य रीत पाळली होती. दार उघडले असते तर पुढचे बोलणे त्यांनी अहिराणीतच केले असते.

कोणाला दारात उभे राहता येते, हा प्रश्न साहित्यव्यवहारात नेहमीच मोलाचा असतो. जळगावात १९३६ साली माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, धुळ्यात १९४४ साली मामा वरेरकरांच्या. १९८४ साली संमेलन पुन्हा जळगावात आले तेव्हा अध्यक्ष होते शंकरराव खरात. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'तराळ-अंतराळ'. तराळकीच्या कामांत गावाचे निरोप पोहोचवणे हेही एक काम असे. इतरांचे निरोप वाहणे ज्या समाजाच्या माथी मारले होते, त्यातला लेखक त्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला. आणि याच खरातांनी डॉ. आंबेडकरांची पत्रे संपादित करून ठेवली. निरोप, पत्र, पोच या गोष्टी केवळ शिष्टाचाराच्या नाहीत, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

आता भेटप्रतीकडे वळू. पुस्तकाच्या कोऱ्या पानावरच्या दोन ओळी म्हणजे लेखकाचे हस्तलिखित ओळखपत्रच असते. तिथल्या विशेषणांना सूक्ष्म पायऱ्या आहेत. 'सप्रेम भेट' सर्वांना चालते. 'सस्नेह' बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. 'सादर' आणि 'आदरपूर्वक' थोरांना. 'परीक्षणार्थ' हे नियतकालिकाला, बहुधा शिक्का मारून. आणि 'अभिप्रायार्थ' हा शब्द सर्वांत अवघड, कारण तो भेट देता देता काही मागतो. गुरुजींनी आमच्या दोन्ही प्रतींवर तोच लिहिला होता. खाली सही, गाव, तारीख.

या व्यवहाराला काळी बाजू आहे, आणि साहित्याच्या शिक्षकांनी तरी ती झाकू नये. भेटप्रत हा अनेकदा सौदा असतो. प्रत द्यायची, स्तुतीचे चार शब्द मिळवायचे, ते पुढच्या पुस्तकाच्या पाठराखणीत छापायचे. घेणाऱ्यानेही 'पुस्तक मिळाले, सवडीने वाचून सविस्तर कळवतो' असे कार्ड टाकून सुटका करून घ्यायची. ते सविस्तर कधी येत नाही, हे दोघांनाही माहीत. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांत असे एक होते की ज्यांचे हे वाक्य विद्यार्थ्यांना पाठ झाले होते. त्यांना आम्ही हसत असू. पण त्या खोट्या वाक्यातही एक खरी गोष्ट होती : पुस्तक मिळाले, हे तरी लेखकाला कळे. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले. आजही ते पन्नास पैशांना मिळते. आम्ही तेवढीही किंमत मोजली नाही. हसण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे.

पोच म्हणजे नेमके काय, याचे उत्तर शोधताना आमचे मन वारंवार खानदेशातल्या दोन पुस्तकांकडे जात राहिले. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी ते गीतेवर बोलत. ऐकणाऱ्यांत अंमळनेरचे साने गुरुजी होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवलेला तो हात. त्याने विनोबांचे शब्द झरझर उतरवून घेतले. 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहे ती त्यामुळे. दुसरे पुस्तक बहिणाबाईंच्या गाण्यांचे. आसोद्याची ही लेक जळगावात नांदली. ती निरक्षर होती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे तिला सुचलेले मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी वेळोवेळी टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली, आणि ते बाड आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडल्यावर १९५२ साली संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. गुरुजी धुळ्याला येऊन गेले, तेही त्याच वर्षी.

दोन्ही पुस्तकांत वाणी एकाची आणि अक्षर दुसऱ्याचे आहे. एक जण बोलला, दुसऱ्याच्या कानापर्यंत ते पोहोचले, आणि पोहोचल्याची खूण म्हणून त्याने हातात लेखणी घेतली. याहून मोठी पोच कोणती असणार? आणि बहिणाबाईंचे उदाहरण आणखी एका बाबतीत आम्हाला जागे करते. हस्ताक्षराचे गोडवे गाताना आपण विसरतो की दुरेघी वहीवर अक्षर गिरवायला मिळणे हे ज्याच्या-त्याच्या नशिबात नव्हते. चिठ्ठी लिहिणारा निदान चिठ्ठी लिहू शकतो. जिला तेही शक्य नव्हते तिच्या दाराशी कोणीतरी जावे लागले, कान देऊन बसावे लागले. म्हणून पोचेचे मर्म अक्षराच्या वळणात शोधू नये. ऐकून घेण्याची तयारी ही त्यातली मूळ गोष्ट. अक्षर हा तिचा एक पुरावा.

याच प्रदेशात दार उघडे ठेवणाऱ्याचीही एक कथा आहे. चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळ कलामहर्षी केकी मूस राहत. १९१२ साली जन्मलेले हे छायाचित्रकार आणि चित्रकार विलायतेत शिकून आल्यानंतर आयुष्याचा बहुतेक काळ आपल्या बंगल्यातच राहिले. १९८९ च्या अखेरच्या दिवशी तिथेच गेले. टेबलावर वस्तू मांडून त्यांनी काढलेली छायाचित्रे दूरदेशी पोहोचली, स्वतः ते क्वचितच घराबाहेर पडले. सांगतात की मुंबईहून पंजाब मेलने येण्याचे वचन दिलेल्या एका व्यक्तीसाठी ते रोज रात्री त्या गाडीच्या वेळी दार उघडून, दोघांचे जेवण मांडून वाट पाहत. आख्यायिकेत भर किती पडली असेल ते असो. पण एक माणूस येईल म्हणून दार उघडे ठेवणे आणि आलेल्या माणसाला 'मीटिंगमध्ये आहेत' असे कळणे, या दोन टोकांच्या मध्ये आपले सारे कलाव्यवहार चालतात, हे आम्हाला मान्य करावे लागले.

आज चिठ्ठीचे दिवस सरले, हे खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंमळनेरला संमेलन झाले तेव्हा आम्ही ग्रंथदालनात हिंडत होतो. कवी एकमेकांना मिस्ड कॉल देऊन क्रमांक साठवत होते, छायाचित्रे काढत होते. पोस्टाची व्यवस्थाही आखडत चालली आहे : छापील पुस्तके रजिस्टरने स्वस्तात पाठवण्याची जुनी सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, मे २०२५ मध्ये शैक्षणिक पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' आले, त्याच वर्षी पुढे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. खेड्यातून स्वखर्चाने संग्रह काढणाऱ्या कवीला प्रत पाठवणे किती परवडते, हा प्रश्न आम्ही पूर्वी कधी स्वतःला विचारला नव्हता. गुरुजी पोस्टावर विसंबले नाहीत; ते एस.टी.ने स्वतः आले.

तरीही नव्या साधनांविरुद्ध तक्रार करण्याची आमची इच्छा नाही. अहिराणीत बोलणारी आजी आज नातवाच्या फोनवर ओवी ध्वनिमुद्रित करून पाठवू शकते. तिला लेखनिकाची वाट पाहावी लागत नाही. अडचण निराळीच आहे. संदेश उघडला की त्याखाली निळ्या खुणा आपोआप उमटतात. पोच आता यंत्र देते. माणसाने ती देण्याची गरज उरली नाही, म्हणून माणसाने ती द्यायचेच सोडले. पाहिल्याचा पुरावा मिळतो. वाचल्याचा, ऐकल्याचा मिळत नाही. शब्दाच्या दोन अर्थांतला एक यंत्राकडे गेला आणि दुसरा कोणाकडेच राहिला नाही.

चिठ्ठी सापडल्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे धुळ्यात भेटलो आणि संग्रह एका बैठकीत वाचला. बासष्ट पानांचे पुस्तक, मुद्रणदोष पुष्कळ. ओढूनताणून यमक जुळवलेल्या कविता बऱ्याच होत्या. शाळेच्या गॅदरिंगसाठी लिहिल्यासारख्याही काही होत्या. पण तीन कविता आम्ही पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यातली एक हजेरीपटावर होती. पहिलीच्या वर्गात लिहिलेली नावे पाचवीपर्यंत एकेक करून कशी गळत जातात, कोण ऊसतोडीला गेला, कोणाचे लग्न लागले, हे गुरुजींनी नुसती नावे आणि शेरे मांडून लिहिले होते. तिथे यमक नव्हते. अहिराणी कवितेवर आम्ही दोघांनी जे दोन-तीन लेख लिहिले आहेत, त्यांत ही कविता असायला हवी होती. २०१८ मध्ये पुस्तक उघडले असते तर ती असती, आणि लेखकाने ते वाचलेही असते. आमचे नुकसान केवळ शिष्टाचाराचे झाले नाही, हे तेव्हा कळले. अभ्यासक म्हणून जे आमचे काम, तेच आमच्या हातून राहिले होते.

आम्ही फुलस्केपची चार पाने लिहिली. जे आवडले ते लिहिले, जे आवडले नाही तेही लिहिले, कारण 'अभिप्रायार्थ' या शब्दाचा मान तेवढाच राखता येण्यासारखा होता. पत्र गुरुजींच्याच नावे, चिठ्ठीवरच्या पत्त्यावर टाकले. वर लिहिले, 'ती. गुरुजींस, सा.न.वि.वि.' हयात नसलेल्या माणसाला असे लिहावे की नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. पण दुसरा मायना सुचला नाही.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो शेती करतो. पत्र मिळाले, म्हणाला, आईला वाचून दाखवले. मग थोडे थांबून त्याने सांगितले की पुस्तक निघाले तेव्हा वडिलांनी एक वही घातली होती, शाळेतल्या आवक-जावक नोंदीसारखी. कोणाला प्रत दिली त्याचे नाव, गाव, तारीख, आणि शेवटचा रकाना 'पोच'. दीडशेच्या वर नावे आहेत. फार थोड्यांपुढे तारीख पडली आहे. तुम्हा दोघांची नावे लागोपाठ आहेत.

'सर, ह्या रकान्यात कोणती तारीख टाकू?' त्याने विचारले. 'तुम्ही पत्र लिहिलं ती, का आम्हाला मिळालं ती?'

आम्ही म्हणालो, मिळाले ती टाका. साल पूर्ण लिहा.